सहा धावा, दीड मिनिट

क्रिकेटचा खेळ आता खेड्यापाड्यांतही चांगला रुजला आहे. शाळेच्या पटांगणात, सुगी आटोपल्यावर मोकळ्या पडलेल्या शेतात, नदीच्या वाळवंटात पोरं फळीची बॅट आणि रबरी चेंडू घेऊन खेळताना दिसतात. पण पाच दिवस चालणारा कसोटी सामना, आणि एवढं करून निकाल न लागणारा सामना, ही गोष्ट मात्र पुष्कळांना कोड्यात टाकते. "पाच दिवस खेळले आणि शेवटी कुणीच जिंकलं नाही, मग खेळले कशाला?" असा प्रश्न जाणती माणसंही विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर व्याख्या सांगून पटायचं नाही. म्हणून एका सामन्याच्या शेवटच्या दिवसाची हकीकत आज आपल्यापुढे ठेवतो. हा सामना मुंबईला झाला. त्याचा शेवटचा दिवस होता मंगळवार, ८ फेब्रुवारी १९४९. त्यालाही निकाल लागला नाही. तरी तो दिवस आपल्या क्रिकेटच्या इतिहासात कायमचा कोरला गेला.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. भारत पहिला कसोटी सामना १९३२ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर खेळला. तेव्हापासून १९४९ च्या फेब्रुवारीपर्यंत सतरा वर्षं होत आली होती. मध्ये महायुद्ध येऊन गेलं, देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली. या काळात भारत एकोणीस कसोटी सामने खेळला होता, आणि त्यांतला एकही जिंकला नव्हता. काही हरला, काही अनिर्णित राहिले. विजय असा एकही नाही. मुंबईचा हा सामना विसावा.

समोर होता वेस्ट इंडीजचा संघ. वेस्ट इंडीज हा काही एक देश नव्हे. अटलांटिकच्या पलीकडे कॅरिबियन समुद्रात बार्बाडोस, त्रिनिदाद, जमैका अशी बेटं आहेत. त्या वेळी तिथं इंग्रजांचा अंमल होता. या बेटांतले खेळाडू एकत्र येऊन एका नावाने खेळत. १९४८-४९ च्या हिवाळ्यात हा संघ प्रथमच भारताच्या दौऱ्यावर आला. कर्णधार होते जॉन गॉडर्ड. संघात एव्हर्टन वीक्स नावाचा असा एक फलंदाज होता, की त्याने त्या पाच सामन्यांत मिळून ७७९ धावा केल्या. दिल्ली, मुंबई आणि कलकत्ता इथले पहिले तीन सामने अनिर्णित राहिले. चौथा मद्रासला झाला. तो वेस्ट इंडीजने एक डाव आणि १९३ धावांनी, म्हणजे अगदी चीतपट करून जिंकला. मग दोन्ही संघ पाचव्या सामन्यासाठी पुन्हा मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले.

आता इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पुढची सगळी हकीकत तिच्यावर उभी आहे. मालिकेत वेस्ट इंडीज एका विजयाने पुढे होता. हा सामना अनिर्णित राहिला, तरी मालिका त्यांचीच. भारताला मात्र अनिर्णिताचा काही उपयोग नव्हता. जिंकलं तरच मालिका बरोबरीत, आणि वर देशाचा पहिला विजय. म्हणजे एका बाजूला जिंकलंच पाहिजे, दुसऱ्या बाजूला फक्त हरता कामा नये. कुस्तीच्या फडात आपण हे पाहतो. एका मल्लाला कुस्ती निकाली करायची असते, दुसऱ्याला बरोबरीत सुटली तरी चालणार असते. मग तो दुसरा मल्ल डाव टाकायला पुढे येत नाही. अंग चोरतो, पट काढू देत नाही, आणि वेळ जाऊ देतो. नियम तो मोडत नाही. पण पुढे येऊन लढतही नाही.

सामन्याचं गणित साधं आहे. शिक्षकांनी ते फळ्यावर मांडून दाखवावं, इतकं साधं. वेस्ट इंडीजने पहिल्या डावात २८६ धावा केल्या. भारताने केल्या १९३. म्हणजे ९३ धावांची पिछाडी. दुसऱ्या डावात वेस्ट इंडीजने २६७ केल्या. त्यांचा सलामीचा फलंदाज ॲलन रे ९७ वर बाद झाला. त्या डावात आपल्या शुटे बॅनर्जींनी ५४ धावांत ४ गडी टिपले. हे बॅनर्जी तेव्हा सदतिशीचे होते, आणि हा त्यांचा पहिला आणि शेवटचाच कसोटी सामना ठरला. आता ९३ आणि २६७ यांची बेरीज ३६०. त्याहून एक धाव जास्त, म्हणजे ३६१, हे भारताचं लक्ष्य. हाती वेळ होता सुमारे साडेसहा तासांचा.

आज ३६१ हा आकडा ऐकून कुणी फारसं दचकणार नाही. त्या काळी मात्र चौथ्या डावात एवढ्या धावा करून सामना जिंकणं ही फार दुर्मिळ गोष्ट होती. चौथ्या दिवसापर्यंत खेळपट्टी उखडते, चेंडू कधी उसळतो, कधी खाली राहतो. त्यात भारताची सुरुवातही वाईट झाली. के. सी. इब्राहिम एका धावेवर गेले, मुश्ताक अली सहांवर. धावफलकावर अवघ्या नऊ धावा आणि दोन गडी बाद. मग रुसी मोदी आणि कर्णधार लाला अमरनाथ यांनी ७२ धावांची भर घातली. ८१ वर अमरनाथ ३९ धावा करून परतले, आणि मोदींच्या जोडीला विजय हजारे आले. चौथ्या दिवसाचा खेळ थांबला तेव्हा हे दोघे मैदानात होते. तीन गडी बाद झाले होते, आणि अडीचशेहून अधिक धावा करायच्या राहिल्या होत्या.

पाचव्या दिवसाची सकाळ उजाडली. अशा वेळी कर्णधारापुढे दोन वाटा असतात. एक वाट म्हणजे खेळपट्टीवर नुसतं ठाण मांडून बसायचं, दिवस काढायचा आणि पराभव टाळायचा. दुसरी वाट धावांच्या मागे जाण्याची. भारतासाठी पहिल्या वाटेवर मालिका जात होती, दुसऱ्या वाटेवर कदाचित सामनाही जाणार होता. भारताने दुसरी वाट धरली. ज्याच्याजवळ गमवायला थोडं उरतं, त्याला धाडस स्वस्तात मिळतं, हे खरंच आहे. पण धाडस करायचं ठरवणं निराळं आणि ते डोकं शांत ठेवून निभावणं निराळं. ते काम हजारे आणि मोदी यांनी केलं.

विजय हजारे मूळचे सांगलीचे. अबोल, सरळ वृत्तीचे गृहस्थ. त्यांच्या खेळात भपका नव्हता. चांगला चेंडू अडवायचा, वाईट चेंडूची वाट पाहायची आणि तो आला की सोडायचा नाही, एवढीच त्यांची नीती. मोदी उंच, सडपातळ, मनगटाने खेळणारे. या दोघांनी चौथ्या गड्यासाठी १३९ धावा जोडल्या. धावफलक २२० वर गेला तेव्हा मोदी ८६ वर बाद झाले. हजारे पुढे खेळतच राहिले. त्यांनी १२२ धावा केल्या. शेवटच्या दिवशी, चौथ्या डावात, मागे घड्याळ लागलेलं असताना काढलेलं ते शतक होतं.

आता गॉडर्ड यांच्या बाजूने विचार करून पाहा. इतिहास वाचताना दुसऱ्या बाजूच्या जागी जाऊन उभं राहायची सवय लावून घ्यावी. सकाळी सुरक्षित वाटणारा सामना हळूहळू हातातून निसटतो आहे. गडी बाद करणं जमलं तर उत्तम. ते जमत नसेल, तर दुसरं एक हत्यार त्यांच्याजवळ होतं. ते म्हणजे वेळ.

हे हत्यार कसं चालतं, ते आपल्या पाण्याच्या पाळीवरून चटकन समजेल. पाटाच्या पाण्याची पाळी घड्याळावर ठरलेली असते. वरच्या अंगाचा शेजारी बांध फोडत नाही, पाणीही चोरत नाही. फक्त पाणी तुमच्याकडे वळवायला येताना सावकाश येतो, फावडं शोधत बसतो, बारं मोडताना तंबाखू मळतो. नियम कुठं मोडला? कुठंच नाही. पण तुमचं शेवटचं वाफं कोरडं राहतं. क्रिकेटमध्ये फलंदाजाची पाळी चेंडूंनी मोजायची असते. सहा चेंडूंचं एक षटक. गोलंदाज सावकाश चालला, कर्णधाराने प्रत्येक चेंडूला क्षेत्ररक्षक इकडून तिकडे हलवले, चेंडू बॅटच्या आवाक्याबाहेर टाकला, तर तासाभरात षटकं कमी पडतात, आणि पडतात तीही बिनकामाची. धावा करायला चेंडूच मिळेनात, तर हजारे असोत की ब्रॅडमन, करणार काय?

गॉडर्ड यांच्या संघाने शेवटच्या टप्प्यात हा मार्ग धरला. खेळ संथ केला, मारा फलंदाजापासून दूर ठेवला. त्याबद्दल त्यांच्यावर तेव्हाही टीका झाली आणि नंतरही झाली. मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या वेळच्या नियमांत त्यांना अडवणारं काही नव्हतं. शिवाय त्यांनी नुसताच वेळ काढला असंही नाही. त्रिनिदादचा वेगवान गोलंदाज प्रायर जोन्स याने त्या डावात ८५ धावा देऊन ५ गडी बाद केले. हजारे गेले. अधिकारी, मंकड, बॅनर्जी येऊन गेले. ३२१ धावांवर आठवा गडी पडला.

अजून ४० धावा हव्या होत्या. मैदानात होते दत्तू फडकर, कोल्हापूरचे, वय अवघं तेवीस. त्यांच्या साथीला आले हैदराबादचे गुलाम अहमद, मुळात फिरकी गोलंदाज. आपला यष्टिरक्षक प्रबीर सेन दुखापतीमुळे खेळू शकत नव्हता. तेव्हा ही जोडी म्हणजे जवळजवळ शेवटचीच. एक चूक झाली असती, तर विजय राहिला बाजूला, पराभव गळ्यात पडला असता.

या वेळी फडकरांनी बचावाचा खेळ करून सामना वाचवला असता, तरी कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी तसं केलं नाही. दोघांनी धावांचा पाठलाग चालूच ठेवला. चाळीसच्या तीस, तीसच्या वीस, वीसच्या दहा. प्रत्येक धावेला प्रेक्षक उठून उभे राहत होते. सूर्य कलला होता, घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. धावफलक ३५५ वर आला. विजयाला फक्त सहा धावा कमी. फडकर ३७ वर नाबाद, गुलाम अहमद ९ वर नाबाद.

आणि तिथंच खेळ थांबला. पंचांनी यष्टींवरच्या बेल्स उचलल्या आणि वेळ संपल्याची खूण केली.

खरं पाहता वेळ संपलेली नव्हती. चालू षटकातला एक चेंडू टाकायचा राहिला होता, आणि घड्याळात सुमारे दीड मिनिट शिल्लक होतं. आता याचा हिशेब करा. वेळ संपण्याआधी षटक सुरू झालं, तर ते पुरं करायचं असतं. म्हणजे राहिलेला तो एक चेंडू टाकून दीड मिनिटाच्या आत पुढचं षटक सुरू झालं असतं, तर त्याचे सहा चेंडू मिळाले असते. भारताचे बुडाले ते सात चेंडू. सात चेंडूंत सहा धावा! हातातोंडाशी आलेला घास गेला तो असा.

या प्रसंगाची चर्चा आजवर चालू आहे. पंचांना दोष देणारे पुष्कळ आहेत. पण दोन गोष्टी विसरून चालणार नाही. पहिली अशी, की त्या काळी यजमान देशाचेच पंच असत. म्हणजे ही चूक आपल्याच माणसाच्या हातून, आपल्याच तोट्याची झाली. तिच्यात पक्षपाताचा संशय घ्यायला जागा नाही. दिवसभराचा ताण, मैदानातला कोलाहल, क्षणाक्षणाला बदलणारा रंग, यांत एका माणसाची मोजणी चुकली. ताण खेळाडूंवर येतो तसा न्याय करणाऱ्यावरही येतो, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. परीक्षेच्या शेवटच्या पाच मिनिटांत विद्यार्थ्यांइतकाच पर्यवेक्षकही घड्याळाकडे पाहत असतो, हे शिक्षकांना सांगायला नकोच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पाच दिवसांच्या सामन्याचा निकाल एका चेंडूवर टांगला, तर बाकीच्या चार दिवसांचं काय? पहिल्या डावात ९३ धावांची पिछाडी राहिली, ती काही पंचांनी लावली नव्हती. दुसऱ्या डावात नऊ धावांत दोन गडी गेले, तेही पंचांमुळे नव्हे. शेवटच्या दिवशी संथ खेळामुळे जी षटकं बुडाली, त्यांच्यापुढे दीड मिनिट म्हणजे काहीच नव्हे. पण गेलेल्या तासांचा हिशेब कुणाच्या लक्षात राहत नाही, शेवटचं दीड मिनिट मात्र राहतं. इतिहासात नेहमी असंच होतं. लढाई हरण्याची कारणं महिनोन्‌महिने साठत येतात, आणि लोक बोलतात ते ऐन वेळी उलटलेल्या एका तोफेबद्दल. कारण आणि निमित्त यांतला फरक मुलांना समजावून द्यायला या सामन्याइतकं सोपं उदाहरण सापडणं कठीण.

मग या दिवसातून पुढे काही निघालं का? क्रिकेटजगताला अशा प्रसंगांतून हळूहळू एक गोष्ट उमगली, की शेवटच्या दिवशी घड्याळ हा तिसरा पक्ष होऊन बसतो, आणि ज्याला वेळ काढायचा आहे त्याच्या बाजूने तो खेळतो. म्हणून पुढे घड्याळाऐवजी षटकं मोजण्याची पद्धत आली. सामन्याच्या शेवटच्या तासात किमान २० षटकं टाकलीच पाहिजेत, असं कलम १९८० च्या नियमसंहितेत आहे, आणि त्याआधीही ही पद्धत वापरात आली होती. पाण्याची पाळी तासावर न ठेवता वाफ्यांवर ठेवावी, तसंच हे झालं.

तरीही नियम सगळंच सोडवू शकत नाही. सप्टेंबर १९७९ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर भारतापुढे इंग्लंडने ४३८ धावांचं लक्ष्य ठेवलं होतं. मुंबईच्या सुनील गावसकरांनी २२१ धावा केल्या. शेवटच्या तासात षटकं मोजून टाकली गेली, कुणी चेंडू चुकवला नाही. खेळ संपला तेव्हा भारताच्या धावा होत्या ४२९, आणि गडी बाद झाले होते आठ. नऊ धावा कमी पडल्या. तीस वर्षांनी जणू तोच धावफलक पुन्हा लागला. नियमाने अन्याय दूर होतो, पण उरलेलं अंतर माणसालाच चालावं लागतं.

मुंबईच्या त्या संघाचं पुढे काय झालं, तेही सांगतो. तीन वर्षांनी, १० फेब्रुवारी १९५२ रोजी, भारताने मद्रासला इंग्लंडचा एक डाव आणि ८ धावांनी पराभव केला. देशाचा तो पंचविसावा कसोटी सामना आणि पहिला विजय. कर्णधार होते विजय हजारे. विनू मंकड यांनी त्या सामन्यात १२ गडी बाद केले. १९४९ च्या मुंबईच्या संघातले सात जण त्या दिवशी मैदानात होते: हजारे, अमरनाथ, मुश्ताक अली, मंकड, फडकर, गुलाम अहमद आणि सेन. फडकरांनी ६१ धावा काढल्या. दुखापतीमुळे मुंबईला ज्यांना फलंदाजीला उतरता आलं नव्हतं, त्या सेन यांनी यष्टींमागे पाच गडी यष्टिचित केले. आणि विशेष म्हणजे हा सामना चौथ्या दिवशीच संपला. घड्याळाकडे पाहण्याची वेळच त्यांनी येऊ दिली नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. निकाल लागला नाही, तर पाच दिवस खेळले कशाला? श्रोतेहो, धावफलकावर फक्त 'अनिर्णित' एवढाच शब्द राहतो. त्या शब्दाच्या पोटात मात्र हजाऱ्यांचं शतक आहे, फडकर आणि गुलाम अहमद यांनी जिवाच्या करारावर जोडलेल्या ३४ धावा आहेत, गॉडर्ड यांची हिशेबी सावधगिरी आहे, आणि एका पंचाची माणसासारखी झालेली चूकही आहे. सतरा वर्षं न जिंकलेल्या संघाला त्या संध्याकाळी विजय मिळाला नाही. पण विजय किती अंतरावर आहे ते त्याला कळलं. ते अंतर सहा धावांचं होतं. पुढची तीन वर्षं त्याच माणसांनी ते चालून पुरं केलं.